वर्ग आणि शिकवण्यांची लवचिक फी बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची

रविवारी सकाळी मोदकांच्या वर्गाला आठ जागांसाठी बारा जण विचारतात आणि मंगळवारी दुपारी त्याच ओट्यापाशी दोघंच उभे असतात. फी दोन्ही वेळा तीच. वार, हंगाम, माणसं पाहून फी बदलायची सोय आता बहुतेक बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती सुरू करायला दहा मिनिटं पुरतात. घोळ नंतर होतो. नियमावर नियम चढतो, आणि गणपतीच्या आधी आठ दिवस एखाद्या चाकरमान्याला मोबाइलवर ३८२ रुपये ५० पैसे असा आकडा दिसतो, जो आपण कधी ठरवलेलाच नव्हता. खालचा क्रम पाळला तर ही वेळ येत नाही.

आधी वही, मग लॉगिन

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. गुहागरसारख्या गावात घरगुती निवासाच्या स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांचा अडीच तासांचा वर्ग आहे. जागा आठ. दर वेळचा ठरलेला खर्च असा: शिकवणारीचे १२०० रुपये, मदतनिसाचे ४००, गॅस, पाणी आणि साफसफाई १५०. एकूण १७५०. त्याशिवाय तांदळाची पिठी, नारळ, गूळ, केळीची पानं आणि तूप मिळून माणशी १२० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

ऑनलाइन पैसे घेतले की गेटवेचा, म्हणजे ते पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, वाटा जातो. रेझरपेचा नेहमीचा दर २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. ६०० रुपये फी घेतली तर हातात ५८५.८४ पडतात.

चार जण आले तर जमा २३४३, खर्च २२३०, उरले ११३. तिघं आले तर साडेतीनशेच्यावर तोटा. आठ जण आले तर १९७७ रुपये शिल्लक. म्हणजे ६०० ही मूळ फी आणि चार ही किमान संख्या, हे दोन आकडे पक्के झाले.

आता कोणी म्हणेल, चौघांचा ग्रुप आहे, दहा टक्के सोडा. ५४० रुपयांप्रमाणे चौघांचे हातात २१०९ येतात. खर्च २२३०. म्हणजे १२१ रुपये आपल्या खिशातून. तीच सवलत पाच जणांना दिली तर २८६ रुपये उरतात. म्हणून ग्रुप सवलतीचा नियम “५ किंवा अधिक” असा लिहायचा. हा पाचाचा आकडा सॉफ्टवेअर सांगत नाही, वहीच सांगते.

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागते. १८ टक्के कर लागू झाला आणि फी ६००च ठेवली, तर त्यातले ९१ रुपये ५३ पैसे कराचे आणि आपले ५०८.४७. वरचं सगळं गणित मग बदलतं. सेटिंगमध्ये “दरात कर धरलेला” की “दरावर कर वेगळा” हे आधी निवडा. कराचा दर सेवेच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, तेवढं आपल्या सीएला विचारा.

पैसे कुठून येणार, ते निवडीआधी बघा

परदेशी सॉफ्टवेअर दिसायला छान असतं. मात्र त्यातली कित्येक फक्त स्ट्राइप, स्क्वेअर किंवा पेपाल या परदेशी गेटवेंशी जोडलेली असतात. स्क्वेअर भारतात चालत नाही. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलं. स्ट्राइपने २०२४ मध्ये भारतातली नवी खाती निमंत्रणावरच द्यायला सुरुवात केली. त्यामुळे फुकट चाचणी सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारा: यूपीआय घेणारं कुठलं भारतीय गेटवे याला जोडता येतं? उत्तर नसेल तर पुढचं वाचत बसू नका.

यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. तरी गेटवे स्वतःच्या सेवेचे पैसे लावू शकतं. करारात बघून घ्या आणि हिशेबात तोच आकडा धरा.

लगेच तीन गोष्टी लावून टाका. चलन रुपया. वेळेचा पट्टा आशिया/कोलकाता. तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष. पट्टा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहिला तर सकाळी ७ चा वर्ग आतून दीडचा धरला जातो आणि “रविवारचा दर” रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी साडेपाचपर्यंत चालतो. पहाटे पाचच्या योगवर्गाला मग रविवारी शनिवारची फी आणि सोमवारी रविवारची. तारखेची मांडणी अमेरिकी राहिली तर ५/१० म्हणजे आपल्या मनात पाच ऑक्टोबर आणि सॉफ्टवेअरच्या मनात दहा मे.

सामूहिक वर्ग वेगळा, खासगी शिकवणी वेगळी

नवखे लोक एकच सेवा तयार करतात आणि तिला दोन दर लावतात: ग्रुपमध्ये ६००, एकट्याला २५००. हे चुकतं. खासगी शिकवणी घेणारा एक माणूस पूर्ण स्वयंपाकघर अडवतो, पण सॉफ्टवेअर त्याला आठातली एक जागा देऊन उरलेल्या सात विकत राहतं. दोन सेवा करा आणि दोन्हींना एकच खोली, एकच शिकवणारी “साधन” म्हणून जोडा. एकीकडे बुकिंग झालं की दुसरीकडची वेळ आपोआप बंद होते.

दर कशामागे, हेही इथेच ठरतं. स्वयंपाकाचा वर्ग माणशी. कयाक मात्र होडीमागे: दोघांच्या होडीत एकटा बसला तरी ती होडी दुसऱ्याला देता येत नाही. तबल्याची खासगी शिकवणी तासामागे.

मग माणसांचे प्रकार: मोठे, लहान मुलं, आणि नुसते बघायला बसणारे. हा तिसरा प्रकार आपल्याकडे हमखास असतो. आजी नातवाबरोबर येते, मोदक वळत नाही, पण खाते. तिला ठरावीक २०० रुपये ठेवा आणि प्रत्येक प्रकार क्षमतेत मोजायचा की नाही ते बघून टिक करा. सॉफ्टवेअरमध्ये प्रकारागणिक तशी सोय नसेल, तर बघ्यांसाठी वेगळी “जोडसेवा” ठेवा. लहान मुलांना निम्मी फी देताना विचार करा. नऊ वर्षांचं मूल पिठी मोठ्यांइतकीच लावतं, लक्ष मात्र दुप्पट मागतं.

वर्डप्रेसच्या वेबसाइटवर वूकॉमर्स बुकिंग्ज हे बुकिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे मूळ दर एकदाच लागतो आणि “ब्लॉक”चा दर प्रत्येक वेळखंडामागे. “माणसांच्या संख्येने गुणा” ही खूण केली नाही तर पाच जणांचं बुकिंग ६०० रुपयांतच होऊन जातं.

वार आणि हंगाम

वाराचा नियम सोपा आहे: शनिवार-रविवारी १०० रुपये जास्त. टक्क्यांऐवजी सरळ रक्कम लावा. गिऱ्हाइकाला समजते आणि पैशांत अपूर्णांक येत नाहीत.

हंगामाच्या नियमाला “दरवर्षी असंच” ही खूण कधीच करू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. मागच्या वर्षीचा नियम तसाच राहिला तर वाढीव दर श्रावणात लागेल आणि ऐन भाद्रपदात साधाच. शिमग्याचंही तेच. दिवाळीनंतर एकदा बसून नव्या वर्षाचे सगळे तारखेचे नियम हाताने लिहावेत, तासाभराचं काम आहे. “पासून-पर्यंत” लिहिताना शेवटचा दिवस धरला जातो की वगळला जातो, हे एक खोटं बुकिंग करून तपासा.

कोकणात गर्दीचा हंगाम आणि वर्गाचा हंगाम एकच असेल असं समजू नये. गणपतीत गाव भरलेलं असतं, पण मोदकांच्या वर्गाची खरी मागणी चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात. प्रत्यक्ष सणात घराघरांत आरती, भजन, पाहुणे. शिकवणारीलाही सुट्टी हवी. तेव्हा दर वाढवण्यापेक्षा उपलब्धतेतूनच ते दिवस काढून टाका. पखवाज आणि तबल्याच्या शिकवण्यांना भजनी मंडळांची मुलं आषाढ-श्रावणात धावतात. बाकी पर्यटन तेव्हा थंडच असतं. मे महिन्यात मात्र मुंबई-पुण्याची नातवंडं गावी येतात आणि सकाळचे वर्ग भरतात. दुपारी दोनच्या उकाड्यात कोणी येत नाही, तिथे १०० रुपये कमी ठेवून बघायला हरकत नाही, पण किमान संख्या पाचावर न्या.

पावसाळ्यात समुद्रातल्या जलक्रीडा बंद असतात. बंदीच्या तारखा मेरीटाइम बोर्डाच्या त्या वर्षीच्या आदेशातून घ्या आणि त्या सेवा पूर्ण बंद ठेवा. कोणी घेऊ नये म्हणून दर ९९९९ लावून ठेवणारे लोक असतात. कोणी तरी भरतोच, आणि मग परतावा.

नियमांचा क्रम

घोळांपैकी निम्मे इथले. दोन नियम एकाच बुकिंगला लागले तर काय होतं, याची तीन वेगळी उत्तरं वेगवेगळी सॉफ्टवेअर देतात: सगळे लागतात, वरचा एकच लागतो, किंवा शेवटचा आधीच्यांना पुसतो. वूकॉमर्स बुकिंग्जमध्ये जुळणारे सगळे नियम लागतात. आपल्याकडे काय होतं, ते मदतपानावर वाचून न थांबता करून बघा.

आकडे असे फिरतात. मूळ ६००, रविवारचे १०० जास्त, ग्रुपची १० टक्के सवलत. आधी वाढ, मग सवलत: ७०० वजा ७० म्हणजे ६३०. आधी सवलत, मग वाढ: ५४० अधिक १०० म्हणजे ६४०. दहा रुपयांनी कोणी बुडत नाही, पण फोनवर एक सांगितलं आणि पडद्यावर दुसरं दिसलं की वाद होतो.

सवलतीवर सवलत जास्त महाग पडते. ग्रुपचे १० टक्के, आगाऊ बुकिंगचे १५ आणि ओळखीच्यांना वाटलेलं १५ टक्क्यांचं कूपन असं एकावर एक लागलं तर ६००चे ३९० होतात. टक्के बेरजेने धरले तर ३६०. मोदकाच्या वर्गात आठही जागा भरल्या तरी माणशी खर्च ३३९ रुपये आहे, हे आठवावं. म्हणून “एका बुकिंगला एकच सवलत, त्यातली मोठी” हे सेटिंग असेल तर ते लावा. नसेल तर प्रत्येक कूपनवर “इतर सवलतींसोबत चालणार नाही” ही खूण करा. शिवाय दराला एक तळ बांधा, इथे ५००. तळाची सोयच नसेल तर नियमांची संख्या तीनवर ठेवा. तीनांपेक्षा जास्त नियम असलेला दरतक्ता सहसा मालकालाही तोंडपाठ नसतो.

जागा भरत जातील तसा दर

पहिल्या काही जागा स्वस्त, शेवटच्या महाग, हा प्रकार विमानाच्या तिकिटांमुळे सगळ्यांना माहीत आहे. लावण्याआधी बेरीज करा. पहिल्या तीन जागा ५४०, पुढच्या तीन ६००, शेवटच्या दोन ६६० असं ठेवलं तर पूर्ण वर्गाचे ४७४० होतात. सरसकट ६००ने ४८०० झाले असते! एवढी उठाठेव करून साठ रुपये कमी. वर, चारच जण आले तर तोटा. पहिल्या दोन ५४०, पुढच्या तीन ६००, शेवटच्या तीन ६६० केलं तर ४८६० होतात आणि चौघांवर जेमतेम बरोबरी साधते.

खरी अडचण कुटुंबाची. स्वस्तातली एकच जागा उरली असताना चौघांनी बुकिंग केलं, तर काही सॉफ्टवेअर चौघांनाही ५४० लावतात, काही चौघांनाही ६००, आणि थोडीच जण एकाला ५४० व तिघांना ६०० असं फोडतात. पहिला प्रकार असेल तर ही सोय वापरू नका.

शेवटच्या घटकेची सवलत तर लहान गावात टाळलेलीच बरी. “आदल्या रात्री दर उतरतो” ही बातमी महिन्याभरात बाजारापर्यंत पोचते आणि मग कोणीच आधी बुकिंग करत नाही. पिठी किती दळायची हे आदल्या दिवशी कळावं लागतं. सवलत द्यायचीच तर सात दिवस आधी पैसे भरणाऱ्याला द्या.

महिना, पास आणि भावंडं

शनिवारच्या तबल्याच्या वर्गाला महिना ८०० रुपये म्हणजे चार वर्गांचे प्रत्येकी २००. पण २०२६ मध्ये जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या महिन्यांत पाच शनिवार आहेत. त्या महिन्यांत एक वर्ग १६० ला पडतो. महिन्याऐवजी आठ वर्गांचा पास विका: १६०० रुपये, मुदत दहा आठवडे. सुटा वर्ग २५०. जुलैत झाड पडून रस्ता बंद होतो, वीज जाते, वर्ग बुडतो. दहा आठवड्यांत तो भरून निघतो.

पास करताना तो कुठल्या सेवांना चालेल हे नावानिशी निवडा. “सर्व सेवा” राहिलं की मुलगा वर्गामागे २०० रुपये पडणाऱ्या पासावर ८००ची खासगी शिकवणी घेऊन जातो, आणि त्याची चूक नसते.

भावंडांची सवलत सॉफ्टवेअरला आपोआप ओळखता येत नाही. दुसऱ्या मुलासाठी वेगळा पास ठेवा, १४०० चा, आणि तो फक्त थेट लिंकने उघडणारा करा. गावातल्या मुलांना कमी फी द्यायची असेल तर तीही अशाच पासाने. “स्थानिक” आणि “पर्यटक” असे दोन भाव दर्शनी पानावर लावले की पुण्याचा माणूस आपलं आजोळ दापोलीला आहे हे सिद्ध करायला फोन करतो.

खाडीतले वर्ग: घड्याळ उपयोगाचं नाही

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या भागात, किंवा कुठल्याही खाडीत, नवशिक्यांना कयाक शिकवायचं तर भरतीच्या सुमाराचं संथ पाणी लागतं. ओहोटीला मुखाकडे ओढ असते आणि वर गाळ उघडा पडतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा ढोबळ अंदाज. बुकिंगला छापील भरती-ओहोटीचा तक्ताच वापरावा.

त्यामुळे “शनिवारी सकाळी ७ ते ९ महाग” असा वेळेचा नियम इथे उपयोगी नाही. या शनिवारी सातला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटीच्या आसपास. वेळेला दर न लावता सेवेला लावा. “भरतीचा शिकाऊ वर्ग” आणि “अनुभवींची फेरी” या दोन सेवा, दोन दर. तक्ता पाहून पंधरा-पंधरा दिवसांच्या वेळा हाताने भरायच्या. आवर्ती वेळापत्रकाचं बटण इथे विसरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात चढतं-उतरतं, म्हणून वर्ग दीड तासाचा न ठेवता एक तासाचा; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, दीड तास चालतो. कालावधी बदलला की दर बदलायला हवा, तेव्हा ताशी दराची सेवा इथे सोयीची.

आगाऊ रक्कम, रद्द करणं, दिवस बदलणं

आगाऊ रक्कम टक्क्यांत ठेवू नका, सरळ २०० रुपये माणशी. काही सॉफ्टवेअर सवलतीआधीच्या रकमेवर टक्के काढतात आणि बाकीचा आकडा जुळत नाही.

परतावा दिला तरी गेटवेचं शुल्क सहसा परत येत नाही. ६०० मागे १४ रुपये १६ पैसे, म्हणजे पावसामुळे आठ जणांचा वर्ग रद्द झाला तर ११३ रुपये गेलेच. म्हणून आपण रद्द केलं तर दोन पर्याय द्या: पूर्ण परतावा किंवा तीन महिन्यांत दुसऱ्या वर्गाला वापरता येईल अशी जमा. बहुतेक जण जमा घेतात, मुंबईकर सोडून.

मंगळवारचं बुकिंग रविवारी हलवलं तर वरचे १०० मागितले जातात का? आणि रविवारचं मंगळवारी आणलं तर १०० परत जातात का? काही ठिकाणी जुना दर तसाच चिकटतो, काही ठिकाणी नवा मोजला जातो. आज दर वाढवलात तर आधीच्या बुकिंगांना धक्का लागतो का, हेही इथेच तपासा.

उघडण्याआधीची तपासणी

कागदावर उत्तरं आधी लिहा, मग दुसऱ्या मोबाइलवर, लॉगिन न करता, बुकिंग करत पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. मंगळवारी एक मोठा: ६००. रविवारी एक मोठा: ७००. मंगळवारी पाच जण: २७००. रविवारी पाच जण, कूपनसह: तुम्ही ठरवलेला क्रम सांगेल तो आकडा. मंगळवारी दोन मोठे आणि एक बघ्या: १४००, आणि जागा किती उरल्या तेही बघा. हंगामाच्या नियमाचा पहिला आणि शेवटचा दिवस. शेवटी खासगी शिकवणी घेऊन त्याच वेळचा सामूहिक वर्ग बंद झाला का ते. एकही आकडा चुकला तर सगळे नियम बंद करून एकेक सुरू करा. दोन एकदम दुरुस्त केले तर दोष कुणाचा हे कळत नाही.

आकडे दहाच्या पटीत ठेवा. निम्मे लोक दारात रोखच देतात आणि ५९९ ला एक रुपया परत मागतात.

व्हॉट्सॲपवर “किती?” असं विचारणाऱ्याला लिंकसोबत तीनच आकडे पाठवा: साधा दिवस, शनिवार-रविवार, पाच जणांचा ग्रुप. फोनवर झालेलं बुकिंगही त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच क्षणी टाका. दर हाताने बदललात तर टिपणाच्या रकान्यात कारण लिहा, “पावसाची जमा” किंवा “दुसरं मूल” एवढं पुरे. पावसात रेंज दिवसभर जाते, तेव्हा पुढच्या सात दिवसांची यादी आणि दरपत्रक रविवारी रात्री छापून गल्ल्याजवळ लावून ठेवा. कागदावर घेतलेलं बुकिंग रेंज आल्यावर त्याच दिवशी चढवा, आणि चढवताना बुकिंग घेतलं ती तारीख घाला. नाहीतर सात दिवस आधीची सवलत सॉफ्टवेअर कापून टाकतं.